तैवानच्या कोशात सापडणारी सुलभीकृत चिनी अक्षरांची वंशावळ

चीनच्या मुख्यभूमीवर आज जी सुलभीकृत अक्षरे छापली जातात ती १९५६ साली एका सरकारी समितीने बसून घडवली, असा समज चिनी भाषा शिकू लागलेल्या अनेकांच्या मनात सुरुवातीलाच घर करतो. परंपरागत अक्षरांचे अभिमानी त्यावर आणखी एक पुट चढवतात आणि तीन हजार वर्षांची लिपी त्या समितीने मोडली, असे सांगतात. या समजाची शहानिशा करण्यासाठी जे साधन मी इतर साऱ्या साधनांच्या वर ठेवते ते मुख्यभूमीत तयार झालेले नाही. ते तैवानमध्ये तयार झाले, जिथे शाळेत आणि सरकारी व्यवहारात परंपरागत अक्षरेच प्रमाण मानली जातात. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचा चिनी अक्षरांच्या रूपभेदांचा हा कोश इंटरनेटवर विनामूल्य खुला आहे. चिनी भाषेत त्याचे नाव ‘यीतीत्स त्सदियान’ असे असून इंग्रजीत तो ‘डिक्शनरी ऑफ चायनीज कॅरॅक्टर व्हेरिअंट्स’ या नावाने ओळखला जातो. हे परीक्षण त्या कोशाचे आहे, आणि कसोटीचे मुख्य अक्षर म्हणून मी ‘गुओ’, म्हणजे ‘देश’ हे अक्षर घेतले आहे.

कोशाचे काम १९९५ साली सुरू झाले आणि त्याची पहिली अधिकृत आवृत्ती २००१ साली वाचकांसमोर आली. त्यात एक लाखाहून अधिक अक्षररूपे नोंदवलेली आहेत. हा आकडा ऐकून छाती दडपते, पण एवढी वेगवेगळी अक्षरे चिनी भाषेत आहेत असा त्याचा अर्थ नाही. एकच अक्षर दोन हजार वर्षांत शिलालेखांत, हस्तलिखितांत, लाकडी ठशांच्या छपाईत आणि जुन्या शब्दकोशांत ज्या ज्या रूपांत लिहिले गेले, ती सर्व रूपे एका प्रमाण अक्षराखाली येथे एकत्र आणली आहेत. प्रमाण अक्षराला एक क्रमांक असतो आणि त्याच्या प्रत्येक रूपभेदाला त्या क्रमांकापुढे जोडलेला उपक्रमांक असतो, त्यामुळे कोणते रूप कोणाच्या घरचे आहे हे क्रमांकावरूनच कळते. मूळ अक्षराच्या पानावर सुमारे इसवी सन १०० मध्ये श्यू शेन याने सिद्ध केलेल्या ‘शुओवेन जिएत्सी’ या आद्य अक्षरकोशातील व्युत्पत्ती दिलेली असते आणि त्याखाली उच्चार, अर्थ व रूपभेदांची रांग लागते. मात्र या कोशाचा खरा ऐवज रांगेतील एखाद्या रूपावर टिचकी मारल्यानंतर उघडतो. ते रूप कोणत्या जुन्या ग्रंथात आढळते हे तेथे त्या ग्रंथांतील उताऱ्यांसह दाखवलेले असते, आणि सोबत एखाद्या अभ्यासकाने लिहिलेले छोटे टिपण असते, ज्यात हे रूप त्या अक्षराचेच का मानायचे याचा युक्तिवाद केलेला असतो. रूप आहे, पुरावा आहे आणि पुराव्यावरचा निवाडाही आहे. सुलभीकृत अक्षरांविषयी इंटरनेटवर ज्या कथा फिरतात त्यांच्यात नेमक्या या तीन गोष्टींचा अभाव असतो, आणि म्हणूनच मला या कोशाविषयी मनापासून आदर वाटतो.

या कोशाच्या प्रकाशकाचाही एक इतिहास आहे, आणि तो माहीत असेल तर कोश वाचताना वेगळीच जाण येते. साम्यवादी राजवट येण्यापूर्वी, २१ ऑगस्ट १९३५ रोजी, चीन प्रजासत्ताकाच्या शिक्षण मंत्रालयाने ३२४ सुलभ अक्षरांची पहिली अधिकृत यादी जाहीर केली होती. राष्ट्रवादी पक्षातील ज्येष्ठ नेते दाय जिताओ आणि इतर परंपरानिष्ठांनी तिला कडाडून विरोध केला आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, ती यादी मागे घेतली गेली. १९४९ नंतर ते सरकार तैवानला गेले आणि मंत्रालयही सोबत गेले. ज्या मंत्रालयाने एकेकाळी सुलभ अक्षरे स्वतः जाहीर केली आणि स्वतःच परत घेतली, त्याच मंत्रालयाच्या आश्रयाने सहा दशकांनी त्या अक्षरांच्या पूर्वजांची सर्वांत मोठी नोंदवही तयार झाली. मुख्यभूमीची बाजू घेण्याचे काहीच कारण नसलेल्या संस्थेने ही नोंद केली आहे, त्यामुळे सुलभीकृत अक्षरे जुनी आहेत हे तिच्या पानांवरून दिसते तेव्हा त्या साक्षीचे वजन वाढते.

आता ‘गुओ’ हे अक्षर पाहू. परंपरागत रूपात बाहेर एक चौकोनी चौकट असते आणि आत ‘हुओ’ नावाचे एक स्वतंत्र अक्षर असते, ज्याचा आज ‘किंवा’ अथवा ‘कदाचित’ असा अर्थ होतो. एकूण फटकारे ११ आहेत. सुलभीकृत रूपात चौकट तशीच राहते, पण आत ‘हुओ’च्या जागी ‘यू’, म्हणजे जेड हे मौल्यवान हिरवे रत्न दाखवणारे अक्षर येते, आणि फटकारे ८ होतात. देशाच्या सीमेच्या आत रत्न ठेवले आहे, अशी एक गोड कथा यावर रचली जाते. ती लक्षात ठेवायला सोपी आहे आणि विद्यार्थ्यांना आवडते, मात्र अक्षर असे का झाले याचा तिच्यातून काहीही उलगडा होत नाही.

मूळ पाहायचे तर चौकटीच्याही मागे जावे लागते. श्यू शेन ‘हुओ’ची फोड अशी करतो: एक वस्ती, एक ‘ग’ नावाचे दांड्याचे शस्त्र आणि एक आडवी रेघ; शस्त्राने त्या एकाचे रक्षण करायचे, आणि ते एक म्हणजे भूमी. याचा अर्थ आज ‘किंवा’ असा असलेला हा घटक पूर्वी स्वतःच ‘राज्य’ या अर्थाने लिहिला जात होता, आणि बाहेरची चौकट नंतर आली. यासाठी केवळ कोशकाराच्या शब्दावर विसंबून राहण्याची गरज नाही. शान्शी प्रांतातील बाओजी येथे १९६३ साली एक प्राचीन कांस्यपात्र सापडले. त्याला ‘ह त्सुन’ म्हणतात. १९७५ साली प्रदर्शनाच्या तयारीसाठी ते स्वच्छ करताना आतल्या तळाशी १२२ अक्षरांचा लेख असल्याचे मा चेंगयुआन या तज्ज्ञाच्या लक्षात आले. पश्चिम चोउ काळाच्या आरंभी, राजा चेंगच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सनपूर्व अकराव्या शतकात कोरलेल्या या लेखात ‘चोंगगुओ’, म्हणजे ‘चीन’, या शब्दाचा आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख आहे, आणि त्यातील ‘गुओ’ बाहेरच्या चौकटीशिवाय, नुसत्या ‘हुओ’च्या रूपात लिहिलेला आहे. ‘चीन’ हे नाव पहिल्यांदा धातूवर उमटले तेव्हा त्यात आजच्या परंपरागत अक्षराचीही पूर्ण आकृती नव्हती, हे परंपरेच्या नावाने वाद घालणाऱ्यांनी एकदा तरी पाहावे असे मला वाटते.

पुढे ‘हुओ’ या अक्षराला ‘कोणी’, ‘काही’, ‘किंवा’ असे अर्थ चिकटले आणि राज्य या अर्थासाठी वेगळी खूण हवी म्हणून बाहेर चौकट आली. ती एकदा स्थिर झाल्यावर मात्र आतल्या भागाला जणू मोकळीकच मिळाली. कोशातील ‘गुओ’चे पान विलक्षण वाचनीय होते ते या टप्प्यावर. चौकट तीच, आणि आतला रहिवासी बदलत राहतो.

सातव्या शतकाच्या अखेरीस सम्राज्ञी वू झेतियान हिने स्वतःच्या राजवटीसाठी काही नवी अक्षरे प्रचारात आणली, त्यात ‘गुओ’ही होता. तिच्या रूपात चौकटीच्या आत ‘आठ’ आणि ‘दिशा’ ही दोन अक्षरे आहेत, म्हणजे आठही दिशांना पसरलेले राज्य. जुन्या चिनी ग्रंथांत याविषयी अशी कथा येते की आधी चौकटीत सम्राज्ञीचे आडनाव ‘वू’ घालावे असे कोणी सुचवले, पण चौकटीत कोंडलेला माणूस म्हणजे ‘कैदी’ हे अक्षर असल्यामुळे चौकटीत कोंडलेली ‘वू’ अशुभ ठरेल, हे दुसऱ्याने दाखवून दिले आणि मग आठ दिशा आल्या. कथा खरी असो वा नसो, अक्षर खरे आहे. इसवी सन ७०५ मध्ये तिची सत्ता संपली आणि तिची अक्षरेही चीनमध्ये व्यवहारातून गेली. हे एक अक्षर मात्र जपानमध्ये टिकले, कारण मितोचा सरदार तोकुगावा मित्सुकुनी (१६२८ ते १७०१) याच्या नावातील ‘कुनी’ आजही याच रूपात लिहिला जातो.

चौकटीच्या आत ‘वांग’, म्हणजे राजा असलेले रूपही जुने आहे आणि लोकव्यवहारात चांगलेच रुळलेले होते. १८५१ ते १८६४ या काळात दक्षिण चीनमध्ये ज्यांनी स्वतःचे राज्य उभारले आणि नानजिंगला राजधानी केली त्या ताइपिंग बंडखोरांनी आपल्या ‘स्वर्गीय राज्या’च्या नावात हेच रूप अधिकृत म्हणून वापरले. त्यांच्या प्रमुखाची पदवीच ‘स्वर्गीय राजा’ होती, तेव्हा ही निवड समजण्यासारखी आहे. प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या काळात चौकटीत ‘मिन’, म्हणजे प्रजा असलेले रूपही लिहिलेले दिसते. सत्तेविषयीची कल्पना बदलली की चौकटीतला रहिवासी बदलावा, असे या अक्षराच्या बाबतीत पुन्हा पुन्हा वाटलेले आहे. इतर अक्षरांच्या नशिबी एवढे राजकारण येत नाही.

मग जेड कुठून आले? १९५० च्या दशकातील लिपिसुधारणेच्या चर्चेत ‘राजा’ असलेले लोकरूप घ्यावे असे आधी ठरत होते, पण समाजवादी देशाच्या नावात राजा नको म्हणून एक ठिपका वाढवून त्याचे जेड केले गेले, अशी हकिकत वारंवार सांगितली जाते. ती निवडीविषयी असेल तर पटण्यासारखी आहे. पण जेड असलेले रूप त्या चर्चेत जन्माला आले असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, कारण हे रूप चिनी लोकव्यवहारात आधीपासून होते आणि जपाननेही १९४० च्या दशकातील स्वतःच्या लिपिसुधारणेत तेच प्रमाण म्हणून स्वीकारले होते. राजा आणि जेड यांच्यातील अंतरही वाटते तेवढे मोठे नाही. प्राचीन शिक्कालिपीत दोन्ही अक्षरे तीन आडव्या रेघा आणि एक उभी रेघ अशीच लिहिली जात. जेडच्या तीन रेघांत समान अंतर असे, तर राजाची मधली रेघ वरच्या रेघेकडे सरकलेली असे. पुढे वळण बदलले आणि हा सूक्ष्म फरक डोळ्यांना दिसेनासा झाला, तेव्हा जेडला वेगळे ओळखण्यासाठी ठिपका देण्यात आला. ज्या लेखनिकांच्या हातात ही दोन अक्षरे शतकानुशतके एकमेकांच्या इतक्या जवळ होती, त्यांच्या चौकटीत कधी राजा तर कधी जेड येऊन बसावे यात नवल नाही. समितीने या जुन्या रांगेतून एक रूप उचलले, आणि तिचे जाहीर धोरणही तसेच होते. कन्फ्यूशियसच्या ‘मी परंपरेने आलेले पुढे देतो, नवे रचत नाही’ या अर्थाच्या वचनातील चार अक्षरे तिने सूत्र म्हणून घेतली होती.

१९५६ च्या आराखड्यात ५१५ सुलभीकृत अक्षरे आणि ५४ सुलभीकृत घटक होते. त्या घटकांचा विस्तार करून १९६४ साली जी सर्वंकष यादी निघाली ती २,२३६ अक्षरांची झाली. या यादीतील प्रत्येक अक्षराला ‘गुओ’सारखी वंशावळ आहे असा दावा कोणी करू नये. घटकाचे रूप यांत्रिकपणे इतर अक्षरांत पसरवल्यामुळे शेकडो अक्षरे अशी झाली जी त्या नेमक्या आकारात आधी कोणी लिहिली नसतील. पण रोजच्या वापरातील गाभ्याची अक्षरे तपासत गेले की कोशात बहुतेकांचे जुने पत्ते मिळतात, आणि काही वेळा तर सुलभीकृत रूप परंपरागत रूपाहूनही जुने निघते.

‘युन’, म्हणजे ढग, हे त्याचे नामांकित उदाहरण आहे. परंपरागत रूपात वर ‘पाऊस’ हा घटक असतो, सुलभीकृत रूपात तो नसतो. ढगातून पाऊसच काढून टाकला, अशी तक्रार तैवान आणि हाँगकाँगमध्ये हिरिरीने केली जाते. कोशाच्या पानावर श्यू शेनची नोंद वाचली की पावसाशिवायचे रूप त्याने ‘प्राचीन रूप’ म्हणून स्वतःच नोंदवले आहे हे दिसते. मूळ चित्र वळसे घेणाऱ्या ढगाचे होते. ते अक्षर ‘म्हणणे’ या अर्थाने उसने घेतले गेले आणि ढगाला वेगळे करण्यासाठी वर पाऊस बसवावा लागला. १९५६ मध्ये तो पाऊस उतरवला गेला, एवढेच घडले.

‘होउ’चे प्रकरण इतके निर्दोष नाही. परंपरागत लेखनात ‘नंतर’ आणि ‘राणी’ यांसाठी दोन वेगळी अक्षरे आहेत. सुलभीकरणाने ‘नंतर’चे अक्षर रद्द करून राणीचेच अक्षर दोन्ही अर्थांना दिले. याला आधार आहे. ‘दाश्वे’ या प्राचीन ग्रंथातील ‘कुठे थांबायचे ते कळल्यानंतरच निश्चय येतो’ या प्रसिद्ध वाक्यात ‘नंतर’साठी राणीचेच अक्षर वापरलेले आहे, आणि पूर्वी ही अदलाबदल चालत असे हे त्यावरून सिद्ध होते. पण जुन्या ग्रंथात काही ठिकाणी आढळणारी मुभा आणि सर्व ठिकाणी लादलेला नियम यांत फरक आहे, आणि त्याची किंमत आजही मोजावी लागते. संगणकावर सुलभीकृत मजकूर परंपरागत अक्षरांत आपोआप बदलून घेतला की ‘सम्राज्ञी’च्या जागी ‘सम्राट-नंतर’ असे हास्यास्पद शब्द उमटतात. येथे मी टीकाकारांच्या बाजूची आहे. प्राचीनतेचा दाखला मिळाला म्हणून निर्णय योग्य ठरत नाही, आणि या कोशाचा वापर तसा दाखला देण्यापुरता करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

धावत्या हाताच्या लेखनातून आलेली अक्षरे हा सुलभीकरणातील सर्वांत मोठ्या प्रवाहांपैकी एक आहे, आणि कोशाची मर्यादा येथे जाणवते. ‘शू’, म्हणजे पुस्तक किंवा लिहिणे, या अक्षराचे आजचे सुलभीकृत रूप प्रमाण छपाईत काहीसे ओबडधोबड दिसते. त्याचे मूळ धावत्या सुलेखनात आहे. सुन गुओतिंग याने इसवी सन ६८७ मध्ये लिहिलेली ‘शूपू’ ही सुलेखनकलेवरील गुंडाळी आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, आणि तिच्यातील ‘शू’ पाहिला की आजचा सांगाडा ओळखीचा वाटतो. आपल्याकडे मोडीत लेखणी न उचलता लिहिताना बालबोध अक्षरांची जी वळणे झाली तीच प्रक्रिया तेथे कुंचल्याने घडली, इतकेच की चीनमध्ये ती वळणे पुन्हा सरळ करून शाळेच्या पाठ्यपुस्तकात बसवली गेली. कोशात रूपे प्रामुख्याने या सरळ केलेल्या, ठाशीव वळणात दिलेली असतात. त्यामुळे रूप कुठे नोंदवले आहे हे कळते, पण दहा फटकाऱ्यांचे चार कसे झाले, कोणती रेघ कोणत्या रेघेत मिसळली, ही हालचाल दिसत नाही. त्यासाठी सुलेखनाच्या प्रतिमांचा संग्रह शेजारी उघडा ठेवावा लागतो.

‘हुआ’ या अक्षराकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. त्याचा मूळ अर्थ फुलोरा, पुढे वैभव, आणि त्यातून ‘चिनी’ हा अर्थ आला. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी हे अक्षर जोडून घेतले होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जनतेला ‘क दिहुआ’ म्हणून माहीत आहेत, आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्याही चिनी नावाचा शेवट ‘हुआ’ने होतो. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले, म्हणजे १९५६ चा आराखडा त्यांच्या हयातीत आला नव्हता, पण आज चीनमध्ये त्यांचे नाव सुलभीकृत रूपातच छापले जाते. परंपरागत ‘हुआ’ हे बहरलेल्या झाडाच्या चित्रातून आलेले आहे. सुलभीकृत रूपात झाड नाही. वर ‘हुआ’ असाच उच्चार असलेले ‘बदलणे’ या अर्थाचे अक्षर ध्वनीसाठी बसवले आहे आणि खाली ‘दहा’चा क्रूस आहे. हे रूप ‘युन’सारखे प्राचीन नाही आणि ‘शू’सारखे धावत्या हातातूनही आलेले नाही, ध्वनिघटक घेऊन अक्षर नव्याने जुळवण्याची ही तिसरी तऱ्हा आहे. तरी तीही परक्या मुशीतली नव्हे, कारण जुने ‘हुआ’ वैभवाच्या अर्थात गुंतल्यावर साध्या फुलासाठी जे वेगळे अक्षर इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातच रूढ झाले त्यातही गवताच्या खुणेखाली हाच ध्वनिघटक बसवलेला आहे. मला हे अक्षर जुन्या रूपात अधिक सुंदर वाटते, हे मात्र मी लपवत नाही.

वापरण्याच्या दृष्टीने सांगायचे तर सुलभीकृत रूप टाकून शोध घेता येतो आणि कोश त्याच्या प्रमाण अक्षराकडे नेतो, ही मोठी सोय आहे. मूलघटक आणि फटकाऱ्यांची संख्या यांवरूनही शोधता येते. ज्या दुर्मीळ रूपांना संगणकीय संकेतांक नाही ती चित्ररूपात दिसतात, तेव्हा त्यांची नक्कल करून दुसरीकडे चिकटवता येत नाही. सर्वांत मोठा अडसर भाषेचा आहे. टिपणे परंपरागत अक्षरांत आणि बऱ्यापैकी ग्रांथिक चिनीत लिहिलेली आहेत, आणि उद्धृत केलेले जुने उतारे तर अभिजात चिनीतच असतात. किमान दोन-तीन वर्षे चिनी शिकल्याशिवाय टिपणांचा रस मिळणार नाही. नवख्याने फक्त रूपांची रांग पाहिली तरी बरेच हाती लागते, पण अमुक रूप प्रथम कधी दिसले याची तारीख कोश तयार करून देत नाही. उद्धृत ग्रंथ कोणत्या काळातला हे वाचकाला माहीत असावे लागते. एक उदाहरण सांगते. लिउ फू आणि ली जियारुई यांनी १९३० साली सोंग काळापासूनच्या १२ लोकप्रिय छापील पुस्तकांतून लोकरूपे गोळा करून एक कोष्टक प्रसिद्ध केले होते. त्याचा हवाला कुठे दिसला की हे रूप सोंग ते छिंग या राजवटींच्या, म्हणजे दहाव्या ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या, दीर्घ काळात कधीतरी छापले गेले, असे समजायचे. हे न कळता १९३० हेच त्या रूपाचे वर्ष धरले तर सगळाच हिशेब चुकतो.

या कोशात समित्यांच्या चर्चा, राजकीय वाद आणि विरोधकांची पत्रे शोधू नयेत. तो अक्षररूपांचा कोश आहे आणि तेवढ्याशी प्रामाणिक आहे. अस्थिलेख आणि कांस्यलेखांतील आरंभीच्या रूपांसाठीही मी त्यावर एकट्यावर अवलंबून राहणार नाही. त्या कामी हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीने चालवलेला बहुउपयोगी अक्षरसंग्रह अधिक उपयुक्त आहे. त्यातील विवेचन आधुनिक पुरालिपिशास्त्राला धरून असते, आणि श्यू शेनला ठाऊक नसलेल्या अस्थिलेखांच्या आधारे त्याची मते जिथे बदलावी लागतात तिथे ती बदललेली दिसतात. दोन्ही संकेतस्थळे शेजारी शेजारी उघडून आरंभ हाँगकाँगच्या संग्रहात आणि पुढचा प्रवास तैवानच्या कोशात पाहणे, हा मला सर्वांत फलदायी क्रम वाटतो.

पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, आणि हा कोश त्यांच्याही उपयोगाचा आहे, कारण जपानी कांजीतील सुलभ रूपे आणि मुख्यभूमीची सुलभीकृत रूपे एकाच जुन्या साठ्यातून पुष्कळदा उचललेली आहेत. ‘गुओ’ दोन्हीकडे सारखाच झाला. पण काही अक्षरांत वाटा फुटल्या, आणि त्या कुठे फुटल्या हे शोधण्यात खरी गंमत आहे. सुरुवात ‘ची’, म्हणजे जपानीतील ‘की’ या अक्षरापासून करावी. परंपरागत रूपात वाफेच्या लाटांखाली ‘तांदूळ’ आहे. जपानने तांदळाच्या जागी एक फुली घातली, तर चीनने तांदूळ सरळ काढून टाकला. श्यू शेनच्या कोशात ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत: तांदूळ नसलेले ते आकाशातील वाफ किंवा मेघवायू या अर्थाचे, आणि तांदूळ असलेले ते पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या शिध्यासाठीचे. पुढे शिध्याच्या अक्षराने वायूची जागा बळकावली आणि शिध्याला आणखी एक घटक जोडून तिसरे अक्षर करावे लागले. १९५६ च्या आराखड्याने वायूला त्याचे पहिले अक्षर परत दिले.